पंप ओरडत होता

बारा वाजायच्या आत मला फोन करून हो किंवा नाही सांगायचं होतं. शहरातल्या ट्रॅक्टरच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिकची नोकरी होती, सोमवारपासून. बाबांजवळ मात्र मी अजून चकार शब्द काढला नव्हता. सकाळपासून तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा थंडीवर काहीतरी बोलून मिटलं.

थंडी होतीही तशीच. बादलीतलं पाणी तळापर्यंत गोठलेलं. साडेनऊला आम्ही बापलेक दुरुस्तीसाठी दूधवाल्या मावशींच्या गोठ्यावर पोचलो, तर त्या कमरेवर हात ठेवून दारातच उभ्या. चाळीस गाई उपाशी, चाऱ्याचे जडशीळ गठ्ठे शेडच्या पलीकडे, आणि ते उचलून आणणारा ट्रॅक्टरचा लोडर ढिम्म.

"इंजिन चालू होतंय, पण लोडरची बकेट वर जायचं नाव घेत नाही," मावशी म्हणाल्या. "गाई माझ्याकडे अशा बघतायत, जसा काही त्यांचा चारा मीच खाल्लाय."

बाबांनी बकेट उचलणाऱ्या हायड्रॉलिकच्या तेलाची मापपट्टी काढून पाहिली. माप बरोबर होतं, पण तेल दूध ओतल्यासारखं पांढुरकं झालं होतं.

"पाणी शिरलंय बाबा. फिल्टरमध्ये त्याचा बर्फ झाला असणार," मी म्हणाले.

"बघू. आधी आवाज ऐकू दे."

हे त्यांचं नेहमीचं. तीस वर्षं झाली, आधी ऐकतात, मग पाना उचलतात. लोक त्यांना कानवाले मिस्त्रीच म्हणतात. ते सीटवर चढले आणि मला समोर उभं केलं.

"तो मफलर काढ तोंडावरचा."

"नाक गळून पडेल माझं," मी म्हणाले. माझं डोकं घड्याळापायी आधीच फिरलं होतं. त्यात यांना मफलर खुपत होता.

त्यांनी इंजिन सुरू केलं, लिव्हर ओढला. बकेट जागची हलली नाही आणि तेल ढकलणारा पंप किंचाळायला लागला. बारीक, दाढेत शिरणारा आवाज. तेल मिळेनासं झालं की पंप असाच ओरडतो. अशा वेळी इंजिन ताबडतोब बंद करायचं, नाहीतर पंप आतून खाल्ला जातो, हे मला बाबांनीच शिकवलेलं. आणि बाबांनी रेस वाढवली!

"पंप ठणठणीत आहे," ते इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून ओरडले. "व्हॉल्व्ह अडकलाय. जोर दिला की सुटेल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला खोटं पाडायलाच करतायत हे, असं वाटलं. बंद करा म्हणून दोनदा ओरडून सांगितलं, मग वर चढले आणि त्यांच्या हाताखालून इंजिन बंद केलं.

"बहिरे झालात का?"

ते सीटवरून उतरले नाहीत. "बारीक आवाज गेलेत," म्हणाले. "दोन वर्षं झाली. तुझं बोलणं कळतं, इंजिन कळतं. पंपाचं ओरडणं कळत नाही."

"मग इतके दिवस कसं चालवलंत?"

"तुझ्याकडे बघून. पंप ओरडला की तुझं तोंड वाकडं होतं. आज तू तोंडच मफलरने बांधून घेतलंस."

वाईट वाटलं, पण खरं सांगते, त्याहून जास्त राग आला. आता फोनवर 'नाही' म्हणावं लागणार, हे मला लख्ख दिसत होतं. यांच्यासमोर कुणीतरी उभं राहायला हवं होतं, आणि ही गोष्ट पोटात ठेवायलाही.

पुढे आम्ही कामापुरतंच बोललो. फिल्टरच्या भांड्याला गरम पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळली, जुनं तेल सोडलं. आधी पाणी आलं, मग बर्फाचा चुरा, मग तेल. नवा फिल्टर लावला, थंडीतलं पातळ तेल भरलं आणि लिव्हरला हात न लावता इंजिन सावकाश चालू ठेवलं. ती पंधरा मिनिटं मला खायला उठली. पावणेबाराला बकेट मुकाट वर गेली.

"तुमच्या कानाला तोड नाही, मिस्त्री!" मावशी म्हणाल्या. "काय ऐकू आलं हो तुम्हाला?"

"आवाजावरूनच ओळखलं त्यांनी," मी घाईघाईने म्हणाले.

"काही ओळखलं नाही," बाबा हात पुसत म्हणाले. "दोन वर्षं मला नीट ऐकूच येत नाही. पंप फोडणार होतो तुमचा. हिने वाचवला."

मावशींच्या कानावर घातलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पंचक्रोशीत होते, हे बाबांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मावशी गाईंकडे वळताच मी बाबांच्या अंगावर धावून गेले.

"कशाला सांगितलंत? आता कोण बोलावेल तुम्हाला?"

"ते मी बघेन. लपवायचं राहिलं नाही, म्हणजे तुला थांबायचंही राहिलं नाही." त्यांनी हातातलं फडकं नीट घडी करून खोक्यात ठेवलं. "वर्कशॉपवाल्यांनी परवा मलाच फोन केला होता, मुलगी कामाला कशी आहे म्हणून. मी म्हटलं, माझ्यापेक्षा चांगली. बारापर्यंतची मुदतही त्यांनीच सांगितली. वाजत आले, लाव फोन."

मी लावला. मफलर तोंडावरून खाली ओढला, बाबांकडे बघितलं आणि म्हणाले, सोमवारी येते.