धुतलेले रुपये

पौर्णिमाने चिंचेचा कोळ अंगठ्यावर घेतला आणि राणीच्या नाकावर दाबून घासला. मग गालावर, मग मुकुटावर. घमेल्यात चाळीस राणीछाप रुपये पडले होते, काळे कुळकुळीत. देवीदास पहाटेच शेवंतीची पोती घेऊन अमरावतीच्या फूलबाजारात गेला होता आणि तो यायच्या आत तिला हे उरकायचं होतं.

कोणी विचारलंच असतं तर तिच्याजवळ उत्तर तयार होतं. उद्या ही नाणी विकायला अकोल्याला न्यायची आहेत, आणि विकायची वस्तू चकचकीत करूनच न्यावी. बाजारात वांगीसुद्धा आपण फडक्याने पुसून मांडतो. लक्ष्मीपूजनाचा चांदीचा रुपया तर तिच्या माहेरीही दरवर्षी चिंचेने आणि राखेनेच घासायचे. उत्तर चोख होतं, फक्त खरं नव्हतं. तिला त्या नाण्यांवरून रागिणीचा हात पुसून काढायचा होता.

रागिणी ही देवीदासची पहिली बायको. बारा वर्षांपूर्वी काविळीने गेली. ती बारावी शिकलेली होती, आणि तिचं अक्षर असं, की गावातल्या लग्नपत्रिकांवरची नावं तिच्याकडून लिहून घेत. देवीदास कुठून कुठून जुने रुपये गोळा करून आणायचा आणि रागिणी प्रत्येक रुपयाची कागदाची पुडी करून तिच्यावर तो कुठे मिळाला ते लिहायची. तेवढं लिहून थांबली असती तरी चाललं असतं. ‘तेल्हारा, आठवडी बाजार. परत येताना बस चुकली.’ ‘धारणी, जीपमधल्या एका बाईकडून. यांना ताप होता.’ हे ‘यांना’ वाचलं की चोरून डबा उघडणारी पौर्णिमा झाकण लावून टाकायची. अकरा वर्षांच्या संसारात तिला संग्रहाला हात लावायचं काम कधी पडलं नव्हतं. तिच्या काळातल्या पुड्यांवर देवीदास स्वतःच आपल्या गिचमिड अक्षरात लिहायचा. सातवी शिकलेल्या बायकोला त्याने एकदाही, तू लिही, म्हटलं नव्हतं.

अर्धा संग्रह विकायचं मात्र त्यानेच काढलं होतं, तेही तिच्यासाठी. बाजारात हारांचं एक दुकान रिकामं होत होतं.

“तुले दुकान घेऊन देतो,” तो म्हणाला होता. “अर्धे रुपये काढून टाकू. कोनते काढाचे ते तूच पाय.”

दोन डबे होते, एक रागिणीच्या काळातला, एक पौर्णिमाच्या. तिने एका मिनिटात बोट दाखवलं. देवीदासने रागिणीच्या डब्याकडे पाहिलं, मान खाजवली आणि “बरं” म्हणाला. त्या ‘बरं’च्या आधी तो जेवढा थांबला, तेवढं थांबणं पौर्णिमाच्या मनात दोन दिवस कुरतडत राहिलं.

रुपये लखलखले तेव्हा तिने ते पंच्याने कोरडे केले, डब्यात भरले आणि डबा फडक्यात गच्च बांधला. पुड्या तिने पाणी तापवायच्या बंबात घातल्या. चाळीसच्या चाळीस.

खुशालराव अकोल्याचे निवृत्त शिक्षक. जुन्या नाण्यांना रास्त भाव देणारा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. देवीदास त्यांना फार मानायचा. सगळा संग्रह एकदा बघायचा आहे, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं, म्हणून दुसरा डबाही पिशवीत आला होता. दुसऱ्या दिवशी दोघं त्यांच्या घरी पोचले तेव्हा त्यांनी चहा मागवला, फडकं सोडलं, एक रुपया दोन बोटांत कडेने धरला आणि भिंग घेऊन खिडकीशी गेले. मग दुसरा घेतला. तिसरा घेतलाच नाही.

“देवीदास, हे कोनं धुतले?”

देवीदास वाकून डब्यात बघू लागला. चाळीस राण्या आरशासारख्या चमकत होत्या. त्याचा चेहरा उतरला. त्याने पौर्णिमाकडे एकदाच पाहिलं, आणि तिने पदर उगाच सारखा केला.

“मीच धुतले, सर,” तो म्हणाला.

“तू?” खुशालरावांनी भिंग खाली ठेवलं. “पंचवीस वर्षं झाले तुले नाने जमवून. चांदीवर जी काळी झाक चढते तीच त्याची उमर, हे मी सांगू तुले? ते पाहूनच लोक पैसे देतात. घासलं का संपलं. आता हा रुपया म्हनजे नुसता चांदीचा तुकडा. अन् पुड्या कुठं हायेत?”

“भिजल्या.”

“भिजल्या!” खुशालराव बोलत राहिले. शाळेतल्या पोराला बोलावं तसे बोलले. चाळिशी उलटलेला देवीदास मान खाली घालून ऐकत होता. पौर्णिमाच्या तोंडात चहा तसाच राहिला होता. मी धुतले, एवढे दोन शब्द तिला काढता आले नाहीत.

“मोडीच्या भावानं घेतो म्हनशील तर घेतो,” शेवटी खुशालराव म्हणाले. “पन तो भाव कोनताही सराफ देईल.”

“नाई. मोडीत नाई,” देवीदास झटकन म्हणाला, आणि त्याने दुसरा डबा पुढे सरकवला.

या वेळी तो क्षणभरही थांबला नाही. पौर्णिमाने ते बरोबर टिपलं. खुशालराव एकेक पुडी उलगडून वाचत गेले. ‘कौंडण्यपूर, जत्रा.’ तो त्यांच्या लग्नाचा पहिला कार्तिक होता. तिला नदीकाठी उभं करून हा माणूस तासभर एका म्हाताऱ्याशी घासाघीस करत बसला होता, आणि परत येताना तिच्यासाठी बांगड्या घेऊन आला होता. पुडीवर यातलं काहीच नव्हतं. तिची अकरा वर्षं टेबलावरून पलीकडे गेली. भाव मात्र रास्त मिळाला, दुकानाची अनामत भरून वर थोडे उरतील एवढा.

परतीच्या बसमध्ये रागिणीचा डबा पौर्णिमाच्या मांडीवर होता. जिला घराबाहेर काढायला निघालो ती नवी कोरी होऊन आपल्याच मांडीवर बसून परत चालली आहे, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच चीड आली. मूर्तिजापूर मागे पडल्यावर तिने विचारलं,

“तुमी खोटं काहून बोलले?”

“मंग काय सांगू? बायकोनं धुतले मनू?”

“तिनं धुतले असते तर?”

“कोनं?”

“रागिणीनं.”

 देवीदासला जरासं हसू आलं.

“तिले तिथंच झापलं असतं. सरासमोर. मंग तीन दिवस ती बोलली नसती माह्याशी.”

“अन् मले काहून नाई झापलं?”

“तुले...” तो शब्द शोधू लागला. “तुले वाईट वाटलं असतं ना.”

अकरा वर्षांत हा माणूस तिच्यावर एकदाही ओरडला नव्हता. शेजारणींना त्याचं केवढं कौतुक. तुझा नवरा म्हणजे देवमाणूस, म्हणायच्या, आणि ती सुखाने मान हलवायची. पाहुणीशी कोणी भांडत नाही, हे तिच्या आज ध्यानात आलं. रागिणी मात्र त्याच्या हक्काची होती. कपाटातल्या डब्याचा केला नव्हता एवढा हेवा तिला आता त्या तीन दिवसांच्या अबोल्याचा वाटला.

“मले ठाऊक नव्हतं धुतल्यानं भाव जाते ते,” ती म्हणाली. “पन पुड्या भिजल्या नाईत. मी जाळल्या. मुद्दामून. एकेक वाचली अन् बंबात टाकली.”

देवीदास तिच्याकडे वळला.

“जाळल्या?”

“हो.”

“अवं, अक्कल हाये का तुले!” तो एवढ्या जोरात ओरडला की पुढचा कंडक्टर मागे बघू लागला. “काय केलं तुनं हे? मेलेल्या मानसाचं अक्षर होतं ते! माह्यापाशी दुसरं काय होतं तिचं? एक सबूद इचारता नाई आला तुले? एवढी कशी बेअक्कल तू!”

पलीकडच्या बाकावरची म्हातारी चुकचुकली. एक माणूस “जाऊ द्या भाऊ” म्हणाला. देवीदासने जाऊ दिलं नाही. त्याचा आवाज फाटला, डोळे भरले, मध्येच खोकला आला, तरी तो बोलतच होता. पौर्णिमा डबा पोटाशी धरून ऐकत होती. तिचेही डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती.

बडनेरा जवळ आलं तेव्हा त्याला धाप लागली. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून त्याच्या हातात दिली.

त्याने दोन घोट घेतले आणि पुन्हा सुरू केलं.