तान्ह्या पोळ्यात गेलेला लॅपटॉप

मी एक जुना लॅपटॉप आहे आणि सेलूच्या तान्ह्या पोळ्यात उत्कृष्ट नंदी म्हणून माझा पहिला नंबर आला होता. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलेच नाही असे समजा. कमिटीने तसे ठरवले आहे. आमच्या घरचे मालक बंडूजी कमिटीचे सदस्य, आणि त्या दुपारी मैदानात काहीही घडले नाही यावर सर्वांत ठाम मत त्यांचेच आहे. तेव्हा मीही, काही न घडल्यासारखा, जन्मापासून सुरुवात करतो.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे माझी कोणी आठवण काढत असेल असे वाटत नाही, कारण माझ्यासारखीच दिसणारी भावंडे तिथे दिवसभर जन्मत असत. पहिली काही वर्षे मी पुण्यात, बंडूजींच्या पुतण्याकडे, म्हणजे अंकितकडे काढली. अंकितने माझ्याकडून नोकरीचे अर्ज लिहून घेतले, नोकरी लागल्यावर नवा लॅपटॉप घेतला आणि मला सेलूला काकांकडे पाठवून दिले. पिशवीत माझ्यासोबत बाकरवडीचा पुडाही होता. घरात त्याचे स्वागत आधी झाले.

बंडूजींचे किराण्याचे दुकान आहे. त्यांनी मला काउंटरवर मांडले आणि शोभाबाईंनी, म्हणजे घरच्या बाईंनी, माझ्यावर क्रोशाचा रुमाल घातला. ते माझे कौतुकाचे दिवस. गिऱ्हाईक तूरडाळ मागायला येई, मला पाही आणि भान हरपून हिंग घेऊन जाई. पण कोणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून मला व्हायरस लागले. एक फाईल उघडावी तर तिची चार पिल्ले निघत. शेवटी माझा स्क्रीन निळा पडला तो पडलाच, आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. चालू केल्यावर मी काम करत नसे, गरम मात्र होत असे. म्हणून पावसाळ्यात शोभाबाई माझ्यावर पापड वाळवू लागल्या. पापड उत्तम वाळत. तरीही तो काळ मी उपेक्षेचा मानतो.

मला त्यातून काढले ते त्यांच्या मोठ्या मुलीने, सपनाने. ही गोष्ट २००८ सालची. सपना रोज एसटीने वर्ध्याला कॉलेजात जाई आणि संगणक शिके. गावातल्या ज्या मुलींना घरचे वर्ध्याला पाठवत नाहीत, त्यांच्यासाठी मागच्या खोलीत संगणकाचा क्लास काढायचा, असे तिने मनाशी धरले होते. तिने ते जेवताना वडिलांना सांगितले.

"शिकवशीन कायच्यावर? पापडावर?" बंडूजी म्हणाले.

"लॅपटॉप सुधरवतो मी बाबा. त्यात लिनक्स नावाची दुसरी सिस्टिम टाकतो. फुकट हाये, अन् व्हायरसची कटकट नाई."

बंडूजींनी भाताचा घास संपवला. मग निकाल दिला. "पोळ्यापर्यंत थे यंत्र ठणठणीत झालं तर खोली तुई. नाई झालं तर मोतीलाल येतेच पोळ्याले. त्याच्या थैलीत टाकून देईन."

मित्रांनो, मोतीलाल हे शोभाबाईंचे भाऊ. हिंगणघाटला त्यांचे रिपेरिंगचे दुकान आहे. त्यांच्याकडे गेलेली वस्तू परत येते, पण त्याच रूपात येईल असे नसते. तेव्हा सपनाचा क्लास आणि माझा देह, दोन्ही एकाच दोरीला टांगलेले होते.

सपनाने एका संगणक मासिकासोबत आलेली लिनक्सची सीडी आणली आणि आईला समजावले, "आई, हे लगेच आत टाकाचं नसते. आधी सीडीवरूनच चालवून पाहाचं. स्क्रीन, कळा, आवाज, सगळं याच्याशी जुळते का थे तपासाचं. जुळलं तरच कायमचं बसवाचं."

"म्हंजे आधी पाहाचा कार्यक्रम, मंग लगन," शोभाबाई म्हणाल्या.

"अन् नाई जुळलं तं?" बंडूजींनी विचारले.

"तं सीडी काढाची, अन् कोणाचंच काही बिघडत नाई."

शोभाबाईंनी नवऱ्याकडे एकदा नीट पाहिले आणि सुस्कारा सोडला. "आपल्या वक्ताले अशी सीडी असती तं!"

त्यांनी कार्यक्रमाचे पोहेही केले. एक बशी माझ्यापुढे ठेवली. मी काही बोललो नाही. पाहायला आल्यावर फार बोलू नये एवढे मला कळते. सीडी आत फिरू लागली आणि कितीतरी महिन्यांनी माझ्या स्क्रीनवर निळ्याशिवाय दुसरा रंग आला. सपना एकेक गोष्ट तपासू लागली. कळा जुळल्या. स्क्रीन जुळला. आवाजही खणखणीत आला. वाय-फायचा दिवा लागला, पण सेलूत तेव्हा पकडायला वाय-फायच नव्हते, त्यामुळे ते चालते की नाही हे कोणालाच कळले नाही. त्याला कृपागुण देऊन पास केले.

मग लग्न लागले. 'डिस्कवरचे सर्व पुसले जाईल' अशी सूचना आली तेव्हा बंडूजी उठून उभे राहिले. "सगळं म्हंजे? दुकानातलंबी?" सपनाने त्यांना बसवले आणि कळ दाबली. माझे व्हायरस गेले, अंकितचे जुने अर्ज गेले, मी आतून शेणाने सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ झालो. मित्रांनो, इतका आनंद मला कारखान्यातही झाला नव्हता.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो माझा आवाज गेलेला.

याचे कारण आदल्या संध्याकाळी घडले होते. ती पोळ्याची आदली संध्याकाळ. शोभाबाईंचे माहेर कारंज्याचे, शेतकऱ्याचे. त्यांच्याकडे त्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळतात, वर्षभर जू वाहिले म्हणून. आमच्या घरी बैल नाही. पण शोभाबाई रीत मोडणाऱ्या नव्हेत. सासरी आल्यापासून त्या, घरात ज्याने भार वाहिला त्याची खांदेमळणी करतात. तराजूची झाली, बंडूजींच्या लुनाची झाली, आणि मग त्या माझ्यापाशी आल्या.

"तूबी राबशीन आता पोरीसाठी," असे म्हणून त्यांनी माझ्या दोन्ही बिजागऱ्यांना हळद कालवलेले तूप मायेने चोळले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असे निमंत्रणही दिले. माझ्या उजव्या बिजागरीखाली हेडफोनचे भोक आहे. त्यातही तूप गेले, आणि रात्रीच्या गारव्यात ते थिजून बसले. मला वाटू लागले की कोणीतरी हेडफोन लावलेला आहे. मग मी बाहेर कशाला ओरडू? मी आपला सगळा आवाज इमानाने त्या तुपाला ऐकवत राहिलो.

सपनाला हे कसे कळावे? काल लिनक्स बसवले आणि आज आवाज गेला, म्हणजे दोष लिनक्सचा, असे तिने धरले. मी तापू नये म्हणून तिने टेबलफॅन माझ्या अंगावर सोडला, त्याने तूप आणखीच घट्ट झाले. तिने आवाजाच्या सगळ्या सेटिंग उलटसुलट करून पाहिल्या. माइक तरी चालतो का पाहावे म्हणून रेकॉर्डिंग सुरू केले, तेवढ्यात शेजारून पोळ्याचे वाण घ्यायला बोलावले म्हणून ते तसेच सोडून ती गेली. परत येऊन तिने ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा वाजत राहील असे लावले. स्क्रीनवर रेषा नाचत होत्या. ऐकू काहीच येत नव्हते.

मोतीलाल पुरणपोळी जेवून आले आणि मला उलटा करून पाहू लागले. "भाऊजी, पार्ट चांगले हायेत याचे."

"बाबा, एक दिवस द्या," सपना म्हणाली.

"पोळा झाला बेटा," बंडूजी म्हणाले. "मुकं जनावर घेऊन क्लास काढशीन? उद्या जाताना मामा घेऊन जातीन."  सपनाने मात्र रेकॉर्डिंग तसेच लावून ठेवले आणि रात्रभर मला बंद केले नाही.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे आमच्याकडे तान्हा पोळा. लहान मुले लाकडी नंदी सजवून, चाकांवर ओढत मैदानात आणतात आणि चांगल्या नंदीला बक्षीस मिळते. सपनाची धाकटी बहीण दिपाली हिच्या नंदीचे मुंडके त्याच सकाळी निखळले. बाकी धड होते, चाकेही होती. दिपालीने विचार केला नाही. तिने मला धडावर सुतळीने बांधले, स्क्रीनच्या दोन कोपऱ्यांना बेगडाची शिंगे लावली, झूल घातली आणि दोरी ओढत निघाली. मोतीलाल थैली घेऊन मागच्या खोलीत आले तेव्हा तिथे फक्त टेबलफॅन फिरत होता.

"पोट्टी यंत्र घेऊन पळाली!" ते ओरडले. त्यांच्यामागे सपना, तिच्यामागे शोभाबाई, अशी आमच्या घरची मिरवणूक मैदानात शिरली.

ऊन कडक पडले होते. मधुकरराव नावाचे निवृत्त गुरुजी परीक्षक होते. हातात माइक घेऊन ते एकेका नंदीपुढे थांबत आणि दोन शब्द बोलत. बंडूजी कमिटीच्या खुर्चीवर बसले होते. मला पाहून त्यांनी तोंडावर हातरुमाल धरला.

"हा नंदी कोण्या जातीचा बाळ?" गुरुजींनी विचारले.

"लिनक्स," दिपाली म्हणाली.

"काय खाते?"

"सीडी."

लोक हसले. गुरुजी नीट पाहायला वाकले आणि माइक नेमका माझ्या उजव्या खांद्याशी आला. तेवढ्यात, मित्रांनो, माझे तूप वितळले. माझा कान मोकळा झाला आणि, सपना वाणाला गेली असताना माझ्यात टिपला गेलेला बंडूजींचा आवाज सबंध मैदानावर लाउडस्पीकरमधून घुमला.

"पोरगी दोन दिवस झाले जेवणाकडे पाहून नाई राह्यली वं."

त्यामागून शोभाबाईंचा आवाज. "मंग देऊन टाका ना खोली. काऊन अडवून राह्यले तिले?"

"अवं, खोली तं म्यां मनात कधीचीच देऊन टाकली. पाटीबी रंगवाले टाकली. 'सपना कॉम्प्युटर क्लासेस.' एवढी हुशार पोरगी साऱ्या सेलूत नाई. पण सांगजो नोको तिले. लेकीचं कौतुक तोंडावर केलं का लेक बिघडते."

"अन् मोतीलाल?"

"त्याले काय देतो मी! मागं मिक्सर नेला सुधरवाले, तं त्याचा टेबललॅम्प करून आणला त्यानं."

मैदानातल्या सगळ्या माना कमिटीच्या खुर्चीकडे वळल्या. झूल घातलेल्या नंदींची तोंडेदेखील तिकडेच होती. बंडूजी उठून माइकपाशी धावत आले आणि म्हणाले, "हा माहा आवाज नाई."

हे वाक्यही माइकमधून गेले, आणि दोन्ही आवाज अगदी सारखे आहेत याची सर्वांना खात्री पटली.

"टेबललॅम्प चालते ना पण अजून?" मोतीलाल दुखावून म्हणाले.

सपना कुठे पाहावे ते न कळून माझी शिंगे सरळ करत होती आणि एकाच वेळी रडत आणि हसत होती. गुरुजींनी माइक आपल्याकडे घेतला. "वीस वर्षं नंदी पाहून राह्यलो," ते म्हणाले, "पण खरं बोलणारा पहिलाच. पहिला नंबर!"

संध्याकाळी कमिटी बसली आणि बंडूजींच्या आग्रहावरून असे काही घडलेच नाही असे एकमताने ठरले. दिवाळीनंतर मागच्या खोलीवर पाटी लागली. ती आपण लावली नाही, असेही बंडूजी सांगतात. पहिल्या दिवशी मुली इतक्या आल्या की काही पोत्यांवर बसल्या. सपनाने शिकवायला सुरुवात केली आणि दुकानात बंडूजी तासभर गिऱ्हाइकांना "हळू बोला" म्हणत राहिले. मी पुढे बरीच वर्षे राबलो. माझ्या कळांवरची अक्षरे पुसली गेली, ती त्या मुलींच्या बोटांनी. यापेक्षा चांगले झिजणे मला माहीत नाही.

सबब, माननीय तालुका पशुधन विकास अधिकारी यांस नम्र विनंती करण्यात येते की, जुन्या यंत्रांस मुकी जनावरे समजून त्यांची वर्षातून एकदा तपासणी करण्यात यावी; खांदेमळणीचे तूप भोकांपासून चार बोटे दूर लावणेबाबत परिपत्रक निर्गमित व्हावे; तसेच तालुक्यातील समस्त बापांनी लेकींचे कौतुक, आईजवळ किंवा यंत्राजवळ न करता, थेट लेकीच्या तोंडावर, मोठ्याने व दिवसाउजेडी करावे, असा आदेश तात्काळ लागू करून त्याची एक प्रत अर्जदाराच्या सीडीच्या कप्प्यात ठेवण्यात यावी.