चुन्याच्या घाणीचा दगड

मित्रांनो, नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना पुलाच्या अलीकडे, बाभळीखाली, एक गोल दगड अर्धा मातीत रुतलाय ना, तोच मी. हा पूल माझ्या जिवावर उभा आहे बरं! पण माझ्या कडेला एक काळसर डाग दिसेल, तो चुन्याचा नाही.

संस्थानाचा काळ होता. तोरण्याच्या पायथ्याशी पाथरवटांनी मला घडवलं, या पुलाच्या कामावर आणून मधोमध लाकडी दांडा घातला आणि दांड्याला पवळ्या बैल जुंपला. तो गोल फिरायचा, मी गोल दगडी चरातून फिरायचो, चरातला चुना आणि वाळू मळून निघायची. गवंडी गेनबा चुना चिमटीत धरून म्हणायचा, "लोणी हाय रं, लोणी!" मी असा फुशारून जायचो!

ही चुना मळायची घाणी हाकायचा सोनबा. तो किरिस्तांव. रविवार आला की पवळ्याला सोडायचा, ओढ्यावर धुवायचा आणि मग बायकोबरोबर, रतनबाईबरोबर, प्रार्थनेला जायचा. गेनबा म्हणायचा, "आमी सोमवारी औत सोडतो, ह्यो रविवारी. बैल सुटला म्हंजी झालं."

पावसाळा तोंडावर आला, पूल त्याआधी व्हायला हवा, म्हणून मुकादम मानसिंगाच्या अंगात आलं. आधी दुपारचा विसावा गेला. मग तिन्हीसांजेला कंदील टांगले. पवळ्याचा खांदा सुजला. मला भीती वाटू लागली, पण दगडाचं कोण ऐकतं?

एका रविवारी मानसिंग म्हणाला, "जुंप!"

सोनबा म्हणाला, "मुकादम, सा दिस काम, सातव्या दिशी इसावा. देवाच्या आज्ञेत बैलाचंबी नाव हाय."

"बैल कवा रं किरिस्तांव झाला?" सगळे खो खो हसले.

"त्यो न्हाई झाला. त्याला तोंड न्हाई, म्हनून देव बोलला."

"मग तू जा. बैल ठेकेदाराचा हाय, हितंच ऱ्हाईल."

सोनबा वेसण सोडेना. रतनबाई रडायला लागली, "अवं, काम जाईल, खायाचं काय?" तो म्हणाला, "खाऊ कायतरी, पर ह्याला मारून न्हाई." गड्यांनी त्याला बाभळीपर्यंत ओढत नेलं.

पवळ्याला जुंपलं, पण तो चालेना, म्हणून मानसिंग स्वतः मागून दांडा रेटू लागला, मान खाली घालून. ओल्या चुन्यात पवळ्याचा पाय घसरला आणि तो चरात पडला, थेट माझ्या पुढ्यात. "थांबवा!" सोनबा ओरडला. मानसिंगानं मान वर केली नाही. आणि मी, मित्रांनो, मी पुढं गेलो.

पवळ्या सोनबाच्या मांडीवर डोकं ठेवून गेला. गेनबानं थापी खाली ठेवली. मानसिंग दांडा धरून तसाच उभा होता. त्या दिवशी मग कुणीच काम केलं नाही.

पूल झाला, दुसरा बैल जुंपून. सोनबा पुन्हा आला नाही. आता पोरं माझ्यावर बसून चिंचा खातात.

बाळांनो, दांडा रेटताना मान वर करून पुढं कोण आहे ते बघत जा. विसाव्याचा दिवस आला की सोडा, स्वतःला आणि मुक्या जनावरालाही. मी दगड होतो, मला थांबता आलं नाही. तुम्ही तर माणसं आहात.