दाराखालची फट

मिस्त्रींचं काम म्हणजे बोट ठेवायला जागा नाही. भाजलेल्या रुग्णांसाठी कातडी वाढवायची ही निर्जंतुक खोली त्यांनी धाकट्या बहिणीच्या ड्रॉइंगवरून उभी केली होती. पॅनलच्या सांध्यावरून नख फिरवलं तरी अडकत नव्हतं, आणि कोपरेही गोल. धुळीने बसायचं म्हटलं तरी बसणार कुठे?

खोलीतली हवा कशी वाहते ते बघायला तपासनीसाने टेबलावर धूर सोडला आणि मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. सरळ खाली उतरून निघून जायचा तो धूर भिंतीपाशी घुटमळला आणि वळसा घेऊन टेबलावर परत आला. अशा हवेत कातडी वाढवणं म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळ.

"दुपारी पुन्हा पाहतो," तपासनीस म्हणाला. "तेव्हाही हेच झालं तर खोली नापास."

काचेपलीकडे डॉक्टरबाई उभ्या होत्या. त्यांचे रुग्ण या खोलीकडे डोळे लावून बसले होते.

धाकटीने ना कुणावर आवाज चढवला, ना कपाळाला हात लावला. छतापासून हवेच्या वाटेने नजर उतरवत ती दारापाशी आली, गुडघ्यांवर बसली आणि तळहात जमिनीलगत धरला.

"दादा, इथली फट कुठे गेली?"

"बुजवली. रबराची पट्टी लावली. एवढी बोटभर फट बरी दिसते का? मला वाटलं, तुझ्या नजरेतून सुटली."

"अरे, हवा छतातून येते. बाहेर जायला तिला तेवढीच वाट ठेवली होती. तिथून ती सारखी बाहेर पडते, म्हणून तर धूळ आत शिरत नाही."

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पट्टी त्यांनी स्वतःच्या हाताने काढली आणि जागा पुसून लख्ख केली.

दुपारी सगळे पुन्हा डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात आत गेले. या वेळी धूर सरळ खाली आला, जमिनीलगत दाराकडे सरकला आणि निमूट बाहेर पडला. कुणाला न दिसणारी हवा या पोरीला दिसते, हे बघून मिस्त्रींना तिचं भारी कौतुक वाटलं.

"सकाळी काय चुकलं होतं?" तपासनीसाने विचारलं.

"ड्रॉइंगमध्ये जरा..." धाकटी सांभाळून घ्यायला निघाली.

"ड्रॉइंग बरोबर होतं," मिस्त्री म्हणाले. "फट मी बुजवली होती. हिच्याइतकं माझं डोकं चाललं नाही."

तपासनीसाने काचेकडे बघून होकारार्थी मान हलवली. पलीकडे डॉक्टरबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मिस्त्रींचे डोळे भरून आले आणि हात आपोआप मास्ककडे गेला.

धाकटीने तो वरच्या वर धरला.

"दादा, रडायचं तर बाहेर. इथे नाही," असं म्हणून तीच आधी दाराकडे वळली.