पासष्टच्या पुढे

कासियानो वायपा यांची पिकअप पासष्टच्या पुढे जात नव्हती, आणि शनिवारी दुपारी तीन वाजता ती संघाच्या सचिवांसमोर ऐंशीने धावली नाही, तर चायापाता ते ओरुरो या डांबरी मार्गावरची त्यांची पाळी कायमची जाणार होती. पाळी गेलेल्या माणसाला डोंगराकडचा कच्चा रस्ता मिळतो. तिथे आठवड्याला दोन खेपा होतात, उतारूंपेक्षा मेंढ्याच जास्त असतात, आणि एकसष्ट वर्षांच्या पाठीला दर वळणावर दगडगोटे मोजावे लागतात. चालक संघाचा ठराव कठोर होता. तो अन्याय्य होता असे मात्र मला म्हणता येत नाही. गेली तीन वर्षे त्यांच्यामागे साऱ्या मार्गाची वाहने मिरवणुकीसारखी रखडत होती, आणि उतारू आता त्यांची गाडी दिसली की मुद्दाम बुटाचे बंद बांधायला खाली वाकत.

शनिवारी सकाळी सात वाजता नवराबायको माझ्या गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. दोन्या प्लासिदांच्या, म्हणजे बायकोच्या, पाठीवर नेहमीचे विणलेले फडके होते आणि त्यात ओरुरोला विकायला न्यायच्या चीजच्या चकत्या होत्या. दॉन कासियानोंच्या गालात चघळायची कोकाची पाने होती आणि चेहऱ्यावर सुतक होते.

"मिस्त्री, इंजिन गेलंय," ते म्हणाले. "तुम्ही फक्त 'गेलं' म्हणा, म्हणजे मी मोकळा."

"ऐका याचं," दोन्या प्लासिदा म्हणाल्या. "गाडीच्या आधी स्वतःच शवपेटीत जाऊन पडलाय. झाकण तेवढं कुणीतरी लावा म्हणतोय."

"इंजिन गेलं हे कुणी ठरवलं?" मी विचारले.

"सगळेच म्हणतात."

हे 'सगळे' माझ्या धंद्याचे जुने वैरी आहेत. त्यांच्या सांगण्यावरून दॉन कासियानोंनी दोन महिन्यांत प्लग बदलले होते, कॉइल बदलली होती, पेट्रोलचा पंप बदलला होता, आणि आठवड्यापूर्वी, कार्निवल संपता संपता, हवेचा नवा फिल्टरही बसवला होता. एखाद्याला ताप आला म्हणून आधी त्याची टोपी बदलावी, मग कोट बदलावा, मग बूट बदलावे, आणि तरीही ताप उतरला नाही की तो मरणार असे जाहीर करावे, तसा हा प्रकार होता. निदान म्हणजे सोडत नव्हे. ज्याच्यावर संशय आहे त्याला बोलवावे, प्रश्न विचारावा, उत्तर पटले तर त्याला सन्मानाने सोडून द्यावे, आणि पुढच्याला बोलवावे. चौतीस वर्षे मी हेच सांगत आलो आहे, आणि चौतीस वर्षे लोक मान हलवून पुढच्या दुकानात नवा पंप घ्यायला जातात. मी थकलो आहे. पण माझे म्हणणे चूक आहे असे अजून कोणी सिद्ध केलेले नाही.

प्रथम मी स्वतः गाडी चालवली. गावात ती शहाण्यासारखी वागली. तिसऱ्या गिअरपर्यंत तक्रारीला जागा नव्हती. डांबरी रस्त्यावर येऊन चौथा टाकला, पाय पार तळापर्यंत दाबला, आणि इंजिनाने उशीत तोंड खुपसलेल्या माणसासारखा आवाज काढला. काटा पासष्टवर जाऊन बसला. आरशात काळा धूर दिसत होता. लामा जनावरांनी भरलेला एक ट्रक आम्हाला ओलांडून गेला आणि त्यातल्या लामा आमच्याकडे वळून पाहत राहिल्या.

"बघा, त्यांनाही कळतं," दोन्या प्लासिदा म्हणाल्या.

परत आल्यावर मी दारावर खडूने संशयितांची नावे लिहिली. पायाखालच्या वायरपासून सुरुवात केली; दोन्या प्लासिदांनी आत बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि मी कार्ब्युरेटरच्या घशात पाहिले. झडप पूर्ण उघडत होती. ते नाव पुसले. फिल्टरचे झाकण उघडून पाहिले. फिल्टर पांढरा शुभ्र, जणू आताच खोक्यातून काढलेला. तेही नाव पुसले. मग कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन जिवंत आहे की नाही ते सांगणारा सिलिंडरांतला दाब, मोजले. दॉन कासियानो या वेळी बाहेर जाऊन उभे राहिले, कारण त्यांना तो आकडा ऐकवणार नव्हता.

चारही सिलिंडर एका ओळीत, शाळेतल्या चांगल्या मुलांसारखे निघाले.

"ताता," मी हाक मारली, "इंजिन तुमच्यापेक्षा धडधाकट आहे."

ते आत आले, पण त्यांना आनंद झाला नाही. तीन वर्षे ज्याचे दुःख केले तो मेलाच नव्हता हे ऐकून माणसाला प्रथम रागच येतो. "मग चालत का नाही?" त्यांनी विचारले, आणि तो प्रश्न रास्त होता.

सायलेन्सर आतून तुटून तुंबतो, असा अनुभव असल्याने मी पुढचा पाइप सोडवला. गाडी पुन्हा रस्त्यावर नेली. अख्ख्या चायापात्याला आम्ही येत असल्याचे कळले. काटा पासष्टवरच थांबला. पाइप पुन्हा बसवला. पेट्रोल मोजले, भरपूर येत होते. प्लग काढले, दोन महिन्यांचे नवे प्लग काजळीने माखलेले होते. म्हणजे पेट्रोल पुरून उरत होते आणि हवा कमी पडत होती. आमच्या पठाराच्या उंचीवर, विरळ हवेत, प्रत्येक इंजिन आधीच अर्ध्या श्वासावर जगते, आणि म्हणून हवेचा हिशेब इथे कोणी सोडू नये; तो मी सकाळी केला होता आणि फिल्टरचे नाव स्वच्छ म्हणून पुसले होते. साडेबारा वाजले होते. दोन्या प्लासिदांनी चीज आणि उकडलेले मक्याचे दाणे पुढे केले.

"मिस्त्री, खाऊन घ्या. उपाशी माणसाला काही सुचत नाही."

"सुचत नाही असं कोण म्हणालं?"

"तुमचं तोंड."

मी खात बसलो, आणि प्लग काढताना पुन्हा उतरवून समोर बाकावर ठेवलेल्या त्या पांढऱ्या फिल्टरकडे पाहत राहिलो. एक आठवडा. या पठारावर एका आठवड्यात खिडकीच्या बंद काचेआड ठेवलेला पाव धुळीने करडा होतो. आणि हा फिल्टर आठवडाभर डांबरी रस्त्यावरून, गुरांच्या बाजारातून, वाऱ्यातून गेला, आणि पांढराच राहिला! स्वच्छ फिल्टर हा माझ्या मते निर्दोषपणाचा पुरावा होता. वस्तुतः तोच मोठा आरोप होता. त्याच्यापर्यंत धूळ पोचली नव्हती, याचा अर्थ त्याच्यापर्यंत हवाच पोचत नव्हती. सकाळी आठ वाजता हे माझ्या हातात होते. चार तास मी ते बाजूला ठेवून बाकीच्यांची चौकशी करत बसलो.

घास टाकून मी उठलो. प्लग परत बसवले, झाकण न लावता इंजिन सुरू केले आणि झडप ओढली. इंजिन गर्जले; काळा धूर विरळ होत होत नाहीसा झाला. दॉन कासियानोंनी गालातली पाने एका बाजूची दुसरीकडे केली.

"हे काय झालं?"

"तिला श्वास मिळाला."

फिल्टरच्या डब्यापासून पुढच्या दिव्याच्या मागे एक जाड नळी जाते. गाडी तिथून हवा घेते. मी तिचा पट्टा सोडवला आणि पुढच्या तोंडात हात घातला. बोटांना लाकूड लागले. लाकूड नव्हते, पण सुरीनेच कापावे लागले. पाऊण तास खरवडल्यावर कोपरापर्यंतच्या हाताएवढा लांब एक बोळा बाहेर आला. त्याच्या कापलेल्या तोंडावर गुलाबी, हिरवे, पिवळे थर दिसत होते, आणि प्रत्येक दोन थरांमध्ये धुळीची करडी रेघ होती. रंगीत कागदाचे कपटे, कागदी माळा, पाकळ्या, आणि हे सगळे चिकटवणारी वाळलेली बिअर. तिचा वास अजून येत होता. एका बाजूला बोटभर फट होती. तेवढ्या फटीतून ही गाडी जगत आली होती.

दॉन कासियानोंनी थर मोजले. अकरा होते.

हे आत कसे गेले ते कोणालाच विचारण्याची गरज नव्हती. कार्निवलच्या मंगळवारी आपण सारेच गाडीचे शिंपण करतो: बॉनेट उघडायचे, चाकांना बिअर पाजायची, फुले आणि कपटे उधळायचे, आणि भुईमातेला तिचा वाटा द्यायचा. पण उधळलेले कपटे वाऱ्याने जातात. हे कोणीतरी हाताने, आत, दाबून भरले होते.

"मी भरवलं," दोन्या प्लासिदा म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कबुली नव्हती. त्या माहिती देत होत्या. "तोंड आहे त्याला भरवायचं असतं. बाकीचे टपावर शिंपतात. टपाला काय भूक लागते?"

"दोन्या प्लासिदा, ते तोंड नव्हे. ते नाक आहे."

"मग नाकाने खाल्लं अकरा वर्षं?"

"म्हणूनच गुदमरली!"

"पहिल्या वर्षी भरवलं त्याच वर्षी गाडी डोंगरातल्या वळणावर उलटली आणि आम्ही दोघं एक ओरखडाही न येता पायांनी चालत घरी आलो. तुम्ही मला इंजिन शिकवा, हे शिकवू नका."

दॉन कासियानो त्या बोळ्याकडे पाहतच होते. "तीन वर्षांपूर्वी जोर कमी झाला," ते हळूहळू म्हणाले, "तेव्हा मीच हिला म्हटलं, आपण कमी घालतो, म्हणून कमी देते. जास्त घाल. ह्या वर्षी दोन पिशव्या घातल्या."

"आणि एक अख्खी बाटली," त्या म्हणाल्या. "स्वतःसाठी आणलेली."

मी वाद घालणार होतो. माझ्याजवळ उत्तम युक्तिवाद होता: श्रद्धा आणि हवेचा मार्ग या दोन भिन्न गोष्टी असून एकीने दुसरीची जागा अडवू नये. पण तो मांडण्याआधीच दोन्या प्लासिदांनी माझ्याकडे वळून विचारले, "आणि तुम्ही, मिस्त्री? अकरा वर्षं तुम्ही त्या मंगळवारी आमच्याच अंगणात उभे होता ना? ग्लास घेऊन. बॉनेट उघडंच होतं. मी हात कोपरापर्यंत आत घालत होते."

हे खरे होते. मी दर वर्षी तिथे होतो, आणि इंजिनाकडे पाठ करून संघाच्या राजकारणावर बोलत होतो. युक्तिवाद माझ्याकडेच राहिला.

बोळा मी कचऱ्याच्या पिंपाकडे नेऊ लागलो, तसा त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि फडक्यात चीजशेजारी बांधला. "दिलेलं आहे ते. मातीत जाईल," एवढेच त्या म्हणाल्या. नळी धुऊन, पुसून, बसवून होईपर्यंत पावणेतीन झाले.

संघाचे सचिव दॉन सेनोबियो वेशीवर हातात फाइल घेऊन उभे होते. ते पुढच्या बाकावर खिडकीशी बसले, मध्ये दोन्या प्लासिदा, आणि मी मागे हौद्यात, मागच्या खिडकीच्या फुटलेल्या काचेच्या चौकटीला धरून उभा राहिलो. तीन किलोमीटर गाडी सुरळीत गेली. मग पुढे सिमेंटचा एक ट्रक आला. तो पन्नासने चालला होता. समोरचा रस्ता क्षितिजापर्यंत मोकळा होता, सपाट होता, आणि दॉन कासियानो त्या ट्रकच्या मागे जाऊन राहिले.

"पन्नास," दॉन सेनोबियो म्हणाले, आणि लिहिले.

"ओलांडा ना, ताता!" मी चौकटीतून ओरडलो.

"पुढं चढ आहे."

"कुठला चढ? पाणी सांडलं तर जागचं हलणार नाही असा रस्ता आहे!"

"थोडं थांबू. तो वळेल."

"ओरुरोपर्यंत एकही वळण नाही!"

मला कळले. इंजिन मी दुरुस्त केले होते. पण तीन वर्षे त्यांचा पाय जे शिकला होता ते तसेच होते. पासष्टच्या पुढे काही नसते, हे तो पाय जाणत होता, आणि डोके सांगेल ते ऐकण्याच्या वयाचा तो पाय नव्हता. दॉन सेनोबियोंनी घड्याळ पाहिले आणि फाइल मिटली.

"दॉन कासियानो, मला वाईट वाटतं. पण—"

दोन्या प्लासिदांनी आपला रुंद तळवा नवऱ्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि, पिठाचा गोळा दाबावा तसा, सारा भार टाकून तो खाली दाबला.

गाडी उडी घेतल्यासारखी पुढे गेली. मी हौद्यात आपटलो. सिमेंटचा ट्रक समोर नव्हे, शेजारून सरकताना दिसला, म्हणजे आम्ही खरोखरच त्याला ओलांडत होतो. मग तो मागे पडला, मग लहान झाला. दॉन कासियानो ओरडत होते, "बाई, काढ हात! बाई!" आणि त्या म्हणत होत्या, "तू काढून दाखव आधी पाय." काटा पंच्याऐंशीवर होता. धूर नव्हता.

बऱ्याच वेळाने, ट्रक आरशातून नाहीसा झाल्यावर, त्यांनी हात उचलला. पाय तिथेच राहिला.

दॉन सेनोबियोंनी टोपी सरळ केली, फाइल उघडली, लिहिलेले खोडले. "सोमवार," ते म्हणाले. "पाच वाजताची पहिली पाळी. उशीर झाला तर दुसऱ्याला देईन."

दॉन कासियानोंनी गाडी हळूच कडेला घेतली, इंजिन बंद केले, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. वारा पठारावरून येऊन दारे हलवत होता.

"पहाटे पाचला," ते म्हणाले. "म्हणजे तीनला उठायचं."

"अडीचला," दोन्या प्लासिदा म्हणाल्या. "चीज कोण भरणार, सचिव?"