रोल भरेपर्यंत

मोटर थांबली, म्हणून मी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, तर आत फिल्म तशीच ताणलेली.

एक क्षण गेला असेल, फार तर दोन. झाकण लगेच लावलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. खिडकीतून दुपारचं ऊन थेट टेबलावर येत होतं आणि नेमक्या त्या उन्हात बसून मी हा उद्योग केला होता. प्रसूती वॉर्डात बावीस वर्षं काढली, हाताखालच्या पोरींना एवढ्या तेवढ्यावरून फैलावर घेतलं, आणि स्वतः हे असं.

"काय झालं, सिस्टर?" दारातून मावशींनी विचारलं. मावशी म्हणजे आमच्या वॉर्डातल्या आयाबाई. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. अख्ख्या दवाखान्यात मला बोलायची हिंमत असलेल्या त्या एकट्याच.

"काही नाही."

"काही नाही, तर तोंड का उतरलंय?"

"मावशी, पाच नंबरच्या बाईला कळा येताहेत, तिच्याकडे बघा आधी."

"ती मघाशीच मोकळी झाली. मुलगी झाली. रडतेय बघा, ऐकू येत नाही का तुम्हाला?"

ऐकू येत होतं. मला त्या वेळी ते ऐकायचं नव्हतं.

या कॅमेऱ्याचं आधी सांगायला हवं, नाहीतर मी एवढी का हबकले ते कळायचं नाही. तो मला धाकट्या भावाने दिला होता. काळा, तळहातावर मावेल एवढा. पुढची पट्टी सरकवली की भिंग उघडतं. "ताई, यात तुला डोकं चालवावं लागत नाही. दाखवायचं आणि दाबायचं. फिरायला जाशील तेव्हा काढत जा फोटो," असं म्हणाला होता. मी कुठली फिरायला जाते! दोन वर्षं तो कपाटात कपड्यांखाली पडून होता.

मग एक दिवस वॉर्डातल्या एका बाईने मला विचारलं, "सिस्टर, त्याचं नाक कसं होतं?" तिचं बाळ मेलेलंच जन्मलं होतं. ती गुंगीत असतानाच घरच्यांनी बाळाला नेलंही होतं. त्या दिवशी माझ्या हाताखाली पाच बाळंतपणं झाली होती. मला काही केल्या आठवेना. शेवटी मी थाप मारली. "अगदी तुझ्यासारखं," म्हटलं. तिला एवढं बरं वाटलं की मला तिथे बसवेना. औषधांच्या खोलीत जाऊन मी उगाच बाटल्या पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा डब्याच्या पिशवीत घालून आणला. तेव्हापासून असं बाळ झालं आणि आईने, किंवा ती गुंगीत असली तर घरच्यांनी, हो म्हटलं, की मी त्याचे तीन फोटो काढते. आईला पाहायची इच्छा होईल तेव्हा तिच्याजवळ काहीतरी असावं, एवढंच.

दाखवायचं आणि दाबायचं म्हणे. पहिल्याच फोटोत बाळाचं कपाळ कापलं गेलं, कारण आपण बघतो ती खिडकी एका बाजूला आणि भिंग दुसऱ्या बाजूला. लांबून बिघडत नाही, जवळून बिघडतं. त्यातून दोन फुटांच्या आत हा कॅमेरा आंधळा. मग मी बँडेजची पट्टी घेऊन बरोबर दोन फुटांवर गाठ मारली आणि पट्टी कॅमेऱ्याच्या बंदाला बांधली. गाठ बाळाच्या छातीला लागली की अंतर बरोबर. फ्लॅशने तोंड पांढरंफटक पडतं, म्हणून फ्लॅशवर जखमेला लावतात त्या गॉजची दुहेरी घडी. तारीख उमटायची सोय होती, ती बंद केली; तारीख त्यांना कॅमेऱ्याने सांगायला नको. बटण अर्धं दाबायचं, हिरवा दिवा स्थिर झाला की पुरतं दाबायचं. हे सगळं उजव्या हाताने. डाव्या हाताचं पहिलं बोट बाळाच्या मुठीत द्यायचं, कारण मूठ सैल असते, आधार दिला नाही तर हात लोंबतो आणि ते बघवत नाही. त्यामुळे प्रत्येक फोटोत माझं बोट आहे. फोटोवाल्याने एकदा विचारलंसुद्धा, "सिस्टर, तुमचं बोट कापून टाकू का?" मी म्हटलं, "राहू दे, अजून लागतंय मला."

एका रोलमध्ये चोवीस फोटो, म्हणजे आठ बाळं. रोल पुरता भरला की धुवायला द्यायचा, हा नियम माझाच. अर्धवट काढला तर उरलेली फिल्म वाया जाते, आणि वाया घालवणं माझ्या हाडात नाही. कुठले तीन फोटो कुणाचे, ते एका वहीत लिहून ठेवते. या खेपेला रोल भरायला सहा महिने लागले. एका अर्थी बरंच झालं म्हणायचं.

या रोलमधले पहिले तीन फोटो शिवणवालीच्या बाळाचे होते. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात कामाला. दिवसभर शर्टाच्या बाह्यांचे काठ शिवायचे, दुसरं काही नाही. बारीक चणीची, बोलताना खाली बघणारी. तिलाही भूल दिलेली होती, तिनेही बाळ पाहिलं नव्हतं.

घरी गेल्यावर दहाव्या दिवशी ती वॉर्डाच्या दाराशी हजर.

"सिस्टर, झाला का फोटो?"

"रोल भरल्याशिवाय निघत नाही. भरला की कळवीन."

दोन महिन्यांनी पुन्हा आली. "अजून किती उरलेत?" तिने विचारलं आणि विचारल्यावर तिचं तिलाच उमगलं, की आपण काय मोजायला निघालोय. तिचा चेहरा एकदम बदलला. "नको, नका सांगू," म्हणाली आणि पाण्याचा ग्लास तसाच ठेवून निघून गेली.

तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "मी विचारायला नाही आले. नुसती बसते थोडा वेळ." बाकावर दहा मिनिटं बसली आणि गेली. त्या वेळी मी रोल अर्धाच काढायला हवा होता. मनात आलंही होतं. पण नियम म्हणजे नियम, अशी मी.

आणि सेल संपत आलेत हे मला आठवडाभर माहीत होतं. फ्लॅशचा लाल दिवा लवकर जात नव्हता. म्हटलं, एवढा रोल संपू दे, मग बदलू. त्या दिवशी सकाळी चोविसावा फोटो काढला. दुपारी कॅमेरा हातात घेऊन फिल्म परत गुंडाळायचं बटण दाबलं. मोटर सुरू झाली, कण्हत कण्हत चालली आणि थांबली. आकडे दिसतात तिथे काहीच दिसेना. एरवी मी शून्य दिसल्याशिवाय झाकणाला हात लावत नाही. त्या दिवशी मला वाटलं, झालंच असेल.

नवे सेल घातल्यावर उरलेली फिल्म सरसर आत गेली. रोल घेऊन मी ड्युटी संपल्यासंपल्या फोटोवाल्याकडे गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तर तो गल्ल्यावर नव्हता. आतून हात पुसत आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सुरुवातीचे तीन गेले, सिस्टर. चौथ्याच्या कडेला जरा रेघ आहे, बाकी सगळे छान."

"पहिले कसे गेले? शेवटचे जायला हवेत ना?"

"परत गुंडाळताना शेवटचे आधी डबीत जातात. पहिले सगळ्यात शेवटी. तुम्ही झाकण उघडलं तेव्हा तेवढेच बाहेर राहिले असणार."

म्हणजे जी सगळ्यात जास्त थांबली, नेमकं तिचंच गेलं. मी दुकानातल्या स्टुलावर बसले. फोटोवाल्याने मला पाणी दिलं आणि एक फोटो पुढे केला. "हा खरं तर द्यायच्या लायकीचा नाही. पण तुम्ही विचाराल म्हणून छापून ठेवला."

सगळा फोटो उजेडाने खाऊन टाकला होता. डोकं नाही, तोंड नाही, जिकडे तिकडे पांढरं, कडेला नारिंगी. फक्त खालच्या कोपऱ्यात थोडं काही शिल्लक होतं. झबल्याच्या बाहीचा काठ, त्यातून आलेली मूठ आणि माझं बोट.

वॉर्डात आल्यावर मी मावशींना सांगितलं. न सांगून करते काय, त्यांनी तोंडावरून ओळखलंच होतं. त्यांनी सगळे फोटो टेबलावर मांडले, एकेक करून पाहिले आणि सातव्या बाळाचा एक फोटो उचलला.

"हा द्या तिला."

"मावशी."

"अहो, तिने कुठे पाहिलंय बाळ? एवढीशी सगळी सारखीच दिसतात. आणि याच्या आईला दोन राहतातच की. कुणाचं काय जातंय?"

"खोटं आहे ते."

"असू दे खोटं. ती पोरगी सहा महिने चकरा मारतेय. तिच्या हातात हा पांढरा कागद ठेवणार तुम्ही? तुमचं मन स्वच्छ राहावं म्हणून तिने रडायचं का?"

मावशींचं बोलणं लागलं, कारण त्यात खोट काढता येत नव्हती. नाक तुझ्यासारखं होतं, हे मीच एकीला सांगितलं होतं, आणि ती बाई किती समाधानाने घरी गेली ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी दोन पाकिटं केली. एकात सातव्या बाळाचा फोटो, दुसऱ्यात हा. दोन्ही खणात ठेवली आणि शिवणवालीला निरोप धाडला.

ती कारखान्यातून परस्पर आली. केसांत दोऱ्याचे तुकडे अडकलेले. समोर बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले, जणू काहीतरी हातात घ्यायचं आहे म्हणून ते धुऊन आली होती.

मी खण उघडला. वर सातव्याचंच पाकीट होतं. खरं सांगते, ते मी उचललंही. पण तिने ते घ्यायला हात पुढे केले, आणि ते हात बघून माझ्याच्याने पुढचं होईना. मी पाकीट परत ठेवलं.

"तुझे फोटो खराब झाले," मी म्हटलं. "माझ्या हातून. फिल्म आत गेली नव्हती आणि मी झाकण उघडलं."

तिला कळायला वेळ लागला.

"तिन्ही?"

"तिन्ही."

"मी पहिल्यांदा आले होते, तेव्हा रोल काढला असता तर?"

"तर मिळाले असते."

रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने खालच्या फरशीकडे बघत विचारलं, "म्हणजे काहीच नाही?"

मग मी दुसरं पाकीट दिलं. तिने फोटो बाहेर काढला, पांढऱ्या भागावर नजर फिरवली आणि मग कोपऱ्याशी आली. फोटो डोळ्यांजवळ नेला, खिडकीकडे वळवला, तिरका करून पाहिला. दिवसभर काठ तपासणारी बाई जसं पाहील, तसं.

"हे मी शिवलंय," ती म्हणाली.

मी पुढे वाकून पाहिलं.

"बाहीचा काठ. बघा, टीप बाहेरून आहे. आतून टोचू नये म्हणून मी मुद्दाम उलटी शिवली होती. असं कुणी शिवत नाही." तिचा आवाज बारीक झाला. "घरी सगळे म्हणाले, झबलं घालायला वेळच झाला नाही. तसंच नेलं म्हणाले. सहा महिने माझ्या डोक्यात तेवढंच होतं, की त्याला तसंच उघडं नेलं."

"घातलं होतं. तुझ्या पिशवीतलं घेऊन मीच घातलं. वरून दुपट्यात गुंडाळलं, म्हणून त्यांना दिसलं नसेल."

"कसं?"

"सगळ्या बाळांना घालते तसं. आधी बाहीतून माझं बोट आत घातलं, त्याची मूठ धरली आणि हळूच बाहेर घेतली. मग दुसरी बाही. मग बंद बांधले."

"घट्ट नाही ना?"

"नाही. सैल बांधले."

ती थोडा वेळ नुसती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "दिसायला कसा होता?"

"नाक मला आठवत नाही," मी म्हटलं. "खोटं कशाला सांगू. केस होते, भरपूर. कान डोक्याला चिकटलेले, लहान. डाव्या भुवईपाशी लाल ठिपका होता. एवढं पक्कं आठवतंय."

ती रडली, आवाज न करता. मलाही रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. खणातलं ते सातव्याचं पाकीट माझ्या गुडघ्याशी होतं. ते दिलं असतं तर तिने आधी बाहीच पाहिली असती.

डोळे पुसून तिने फोटोवर नखाने खूण केली. "हे बोट कुणाचं?"

"माझं."

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. "कोणतं?"

मी डावा हात टेबलावर ठेवला आणि पहिलं बोट पुढे केलं. फोटो तिने एका हातात तसाच धरला होता. दुसऱ्या हाताने तिने माझं बोट मुठीत घेतलं.

मावशी चहा घेऊन दारात आल्या. आमच्याकडे बघून थांबल्या, आणि दार बाहेरून लोटून घेतलं.