ब्लॉजेट चार मैल सरकलं तेव्हा

"शाळा गेली, चर्च गेलं. काल तर ऑस्टबीनं स्वतःच्या डुकरांची खोपटीसुद्धा ओढत नेली," ओरिन ब्लॉजेट घेवड्याच्या ताटलीशी बोलत होते. "डुकरांचा नंबर लागतो. माझा नाही लागत."

लविना हॅस्केल त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर कॉफी ओतत उभी होती, म्हणजे ऐकू आलं नाही असं म्हणायला तिला जागाच नव्हती. तरी तिनं ते ऐकलं नाही.

"आणखी घेवडा वाढू?"

"घेवड्यानं काय होणार? तीन आठवडे मी बांधाबांध करून बसलोय. चौदा वर्षांपूर्वी ह्या माळावर पहिला कोण आला? मी. आता शेवटी कोण उरणार? तोही मीच."

"शेवटची मी आहे. माझी खाणावळ उद्या सकाळी निघते."

"निघते म्हणजे ठरलंय तरी! आणि उद्या दुपारी बाराला माझा प्लॉट जातो, तो?"

ते लविनाला ठाऊक होतं. गेले तीन आठवडे उठताना पहिलं तेच आठवत होतं.

रेल्वे येणार येणार म्हणून ब्लॉजेट गावानं सहा वर्षं वाट पाहिली, आणि ती आली ती चार मैल उत्तरेला. रूळ काही गावाकडे येईनात, तेव्हा गावानंच रुळांकडे जायचं ठरवलं. डकोटाच्या माळावर लाकूड म्हणजे सोनं. बांधलेलं घर टाकून कोण जाईल? जमीन दगडासारखी गोठली की जॅक लावून घर उचलायचं, खाली दोन लांबलचक ओंडके सरकवायचे, सोळा घोडे जुंपायचे आणि बर्फावरून ओढत न्यायचं. चुलीसुद्धा विझवत नसत. पाद्र्याच्या बायकोनं, मिसेस टफ्ट्स यांनी, घर चालत असताना आत बसून केक भाजला आणि नव्या गावात पोचल्यावर कापला. फक्त एका बाजूनं जरा उंच झाला होता.

नव्या ठिकाणी स्टेशनसमोरचा प्लॉट रेल्वेनं ओरिनकाकांसाठी राखला होता. अट एकच: उद्या, शनिवारी दुपारी बाराच्या आत मालक मालासकट जागेवर हजर हवा. नाहीतर तो पूर्वेकडच्या एका बड्या कंपनीच्या दुकानाला जाणार होता. त्यांचा माणूस येऊन दोनदा पावलं मोजून गेला होता.

आणि प्लॉट गेला, तर सहासष्ट वर्षांचा हा माणूस ओसाड माळावर एकटा राहील. राहीलच, लविना त्यांना ओळखून होती. ह्या बाबतीत त्यांच्याइतकं हट्टी त्यांचं खेचरसुद्धा नव्हतं.

सगळं गाव त्यांना काका म्हणायचं, पण लविना ओरिनच म्हणायची, कारण ती काका म्हणायला कुणी नसतानाची होती. तेव्हा इथे ओढा होता, ओढ्याला उतार होता, आणि उतारावर ओरिन ब्लॉजेट आपली माल भरलेली गाडी आणि बायको थर्झा यांच्यासह उभे होते. लविना आणि तिचा नवरा पुढे नदीपलीकडे निघाले होते. ओरिननी त्यांना मीठ विकलं आणि विचारलं, "पुढे कशाला जाता? हे वाढतं गाव आहे. लवकरच इथे खाणावळ निघतेय."

"कोण काढतंय?" नवऱ्यानं विचारलं.

"तुम्ही," ओरिन म्हणाले, आणि गाडीतून चूल उतरवायला लागले.

असंच त्यांनी सगळं गाव वसवलं. ऑस्टबीला सांगितलं, इथे चर्च आहे, फक्त लोहार नाही. पाद्र्याला पत्र लिहिलं, इथे फर्मास लोहार आहे, पाद्री तेवढा हवा. शाळामास्तरणीला कळवलं, मुलं वाट पाहून थकली आहेत. त्या वेळी गावात एकच मूल होतं आणि ते रांगत होतं. थापाच त्या, पण त्यांच्या थापेला पाय फुटायचे. मनुकांच्या खोक्यात कप्पे पाडून त्यांनी टपालघर केलं. खिडक्यांच्या काचा स्वतःच्या सदऱ्यांत गुंडाळून दोनशे मैलांवरून आणल्या, आणि तो हिवाळा फाटक्या सदऱ्यांवर काढला. लविनाचा नवरा गेला तेव्हा शवपेटीसाठी फळ्या नव्हत्या. ओरिननी काही न बोलता आपल्या माळ्याच्या फळ्या उचकटल्या.

त्या माळ्याला मग पुन्हा फळ्या ठोकल्या त्याही त्यांनीच. आणि तिथेच तर सगळं घोडं पेंड खात होतं.

कारण ओरिन ब्लॉजेट यांना काहीही विकता येत होतं, पण खिळा सरळ ठोकता येत नव्हता. पहिल्या वर्षी गावात दुसरं कुणी नव्हतं म्हणून दुकान त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलं. म्हणजे काय केलं, तर गाडी होती तिथेच ठेवली आणि तिच्याभोवती खांब रोवले. पाया नाही, खाली सलग वासा नाही. गाडीची चाकं जमिनीत रुतली, गाडीचा कठडा झाला गल्ला. थर्झानं फळी धरली, त्यांनी ठोकली. भिंती पूर्वेकडे कलल्या. गल्ल्यावर ठेवलेलं अंडं आपण होऊन दाराकडे निघायचं, म्हणून अंडी नेहमी साखरेत खोचून ठेवत. पुढे दुकान पाहून रस्ता आखला, रस्ता पाहून घरं बांधली, आणि अख्खं ब्लॉजेट थोडं तिरकं झालं. बोललं कुणी नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात थर्झा भिंतीला खांदा लावून हसत होती, ते लविनाला अजून दिसायचं. "वाकडंतिकडं झालंय गं," ती म्हणाली होती. "पण त्यांना म्हणू नकोस हं. आयुष्यात स्वतःच्या हातानं केलेली ही एकच वस्तू आहे त्यांची." पुढच्या हिवाळ्यात थर्झा तापानं गेली. ओरिन मग दुकानातच झोपायला लागले. त्यानंतर 'म्हणू नकोस' हा गावाचा कायदाच झाला.

आता हे दुकान जॅकवर घ्यायचं म्हणजे कसं? ऑस्टबीनं नोव्हेंबरातच एकदा तंबाखू घ्यायच्या मिषानं वाकून खाली पाहिलं होतं, आणि तंबाखू न घेताच परत आला होता. "खांब बुडाशी कुजलेत, मिसेस हॅस्केल," तो खाणावळीत कुजबुजला. "फळ्यांवरच्या मालाचं वजन आहे म्हणून भिंती उभ्या आहेत. घोड्यांनी एक हिसका दिला की पत्त्याचा बंगला."

"मग सांग जाऊन."

"मी? मला ह्या गावात त्यांनी आणलं. तुम्ही सांगा."

"मला तर त्यांनी गाडीतून उतरवलं," लविना म्हणाली.

तर कुणीच सांगितलं नाही. घरं ओढून नेणारा ऑस्टबी रोज नवं कारण काढायचा. घोडा लंगडतोय. बर्फ फार मऊ आहे. बर्फ फार कडक आहे. तिकडे ओरिनकाका जोमानं माल पेट्यांत भरत होते, आणि फळी रिकामी झाली की भिंत कुरकुरत होती. मग जो आत यायचा तो काका वळले की पेटीतलं काहीतरी गुपचूप उचलून पुन्हा फळीवर ठेवायचा. पाद्र्यानं खिळ्यांची पिंपं जागेवर नेली. लविनानं पिठाच्या तीन गोण्या. काका म्हणायचे, "तीन आठवडे भरतोय, तरी संपत कसं नाही?" आणि लोक म्हणायचे, "तुमचा माल काय थोडाथोडका आहे, काका?"

"राहू दे तुझा घेवडा," असं म्हणून ओरिन आता उठले. टोपी घातली. दार लावून घेतलं, तेही जरा जास्तच जोरात.

लविनानं ताटली उचलली. दोन घास तसेच होते. तिला वाटलं, जाऊन पडतील थोडा वेळ. मग मागच्या पायऱ्यांवर काहीतरी खरखरलं. खिडकीतून पाहिलं तर काका तिच्याच खाणावळीखाली उद्यासाठी आणून ठेवलेला ऑस्टबीचा जॅक बर्फातून ओढत दुकानाकडे चालले होते. तो त्यांना पेलवत नव्हता. दहा पावलं ओढत, थांबत, कमरेवर हात ठेवत, पुन्हा ओढत.

शाल घ्यायलाही न थांबता ती निघाली.

ती पोचेपर्यंत ऑस्टबीही धावत आला होता, घोडे रस्त्यातच सोडून. काका आग्नेय कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून जॅकचा दांडा फिरवत होते. रस्त्यावर आता खाणावळ सोडली तर दुसरी इमारतच नव्हती, नुसते चौकोन होते, घरं उचलल्यावर उरलेले, काळ्या मातीचे.

"काका, नका," ऑस्टबी म्हणाला. "आज वारा बरा नाही."

"काल घोडा बरा नव्हता. तुम्ही कुणी न्यायला तयार नसाल तर मी नेईन. दोन खेचरं आहेत माझी."

"खेचरांनी काय होतंय, काका?"

"गाव झालं ना? एका गाडीनं झालं. सरक बाजूला."

दांडा आणखी अर्धा फिरला. आधी काहीच झालं नाही. मग भिंतीतून एक लांब सुस्कारा आला, फळी तडकल्याचा आवाज झाला, आणि आत बरण्यांची रांगच्या रांग घसरत जाऊन कुठेतरी फुटली. दारावरची पाटी एका खिळ्यावर आली.

काका हात थांबवून वर बघत राहिले.

"थंडीनं," ऑस्टबी घाईघाईनं म्हणाला. "थंडीनं लाकूड आकसतं, काका."

"हो. आकसतं," काका म्हणाले. "जरा ऊन पडू दे. ऊन पडलं की पुन्हा लावू."

"हो हो. उन्हात लावू. आणि नाहीच जमलं तरी तिकडे लाकूड येऊन पडलंच आहे, तेव्हा…" एवढं बोलून ऑस्टबीनं जीभ चावली.

"कसलं लाकूड?"

ऑस्टबी घोड्यांकडे बघायला लागला. घोडे दूर होते.

"लविना? कसलं लाकूड?"

लविनाला थर्झा आठवली, आणि तिच्या 'म्हणू नकोस'ला आपण मान डोलावली होती तेही. मग तिनं उद्याच्या बाराचा विचार केला. ती बर्फात काकांच्या शेजारी बसली. दांड्यावरचे त्यांचे हात गारठून लाल झाले होते, एका नखाखाली रक्त होतं. तिनं ते हात एकेक करून सोडवले.

"तुमच्या प्लॉटवर," ती म्हणाली. "आगगाडीनं आलंय. मिनेसोटाचं पाइन, चांगलं सुकवलेलं. सगळ्यांनी मिळून मागवलं. ताडपत्री टाकून ठेवलंय तीन आठवडे, कारण तुम्हाला सांगणार कोण?"

"पण दुकान आहे की माझं. हे काय आहे मग?"

आत आणखी एक बरणी घरंगळली, दारापर्यंत आली आणि थांबली.

"हे येणार नाही, ओरिन," लविना म्हणाली. "आज नाही, उन्हात नाही, कधीच नाही. त्याला थंडी कारण नाही आणि ऑस्टबीचा घोडाही नाही. तुम्ही ते वाईट बांधलंय. ह्या सगळ्या माळावर तुमच्याइतका वाईट सुतार दुसरा झाला नाही. आम्हाला चौदा वर्षं माहीत आहे, आणि थर्झाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

काकांनी जॅकचा दांडा ऑस्टबीच्या हातात दिला, दारापाशी थांबलेली बरणी उचलली आणि म्हणाले, "मग ही पहिली तुझ्या खाणावळीत ठेव, उद्या बाराच्या आत माल तिकडे हवा."